गोमुखातली चावी

“त्यापेक्षा तू मौनच धर,” हे म्हणाले. “थेट कार्तिकीपर्यंत.”

“मौन आहेच की,” मी म्हटलं. “दर सोमवारी, सूर्य मावळेपर्यंत.”

“सोमवारचं मौन घेऊन मी काय करू? आक्का दसऱ्याला येणार. दसरा शुक्रवारी आहे!”

ह्यांच्या हातात निपाणीहून आलेलं पत्र होतं. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, खांबाला टेकून तांदूळ निवडत होत्या. पत्र ऐकल्यापासून त्यांनी एकही खडा काढला नव्हता. तांदूळच एकेक करून खड्यांच्या वाटीत टाकत होत्या.

“पुन्हा वाच रे, मधू,” त्या म्हणाल्या.

ह्यांनी पुन्हा वाचलं. “‘चि. मधुकर यास अनेक आशीर्वाद. दसऱ्याला येत आहे. माझा फोनो मी परत नेणार. तो विषय आता एकदाचा संपवू. फोनो वाजत असेलच. तुझी चंपाक्का.’”

“असेलच,” आत्याबाई म्हणाल्या आणि आणखी एक तांदूळ वाटीत टाकला.

चंपाक्का म्हणजे माझ्या मामंजींची थोरली बहीण. मामंजींच्या लग्नात तिनं आपला चावीचा फोनो, म्हणजे ग्रामोफोन, तासगावला पाठवला होता. आहेर म्हणून नव्हे. “आमच्या घरी जागा होईपर्यंत तुमच्याकडं राहू दे” म्हणून. निपाणीच्या घरात जागा व्हायला सदतीस वर्षं लागली. तेवढ्यात मामंजी गेले, आक्कांचे मालक गेले, आणि फोनो आमच्या शिलाईच्या दुकानामागच्या खोलीत बटणं, हुक आणि दोऱ्याची रिळं ठेवायच्या कामी आला. दीड हात उंच, पुढं दोन दारं, वर उघडणारं झाकण, अशी ती शिसवी पेटी होती. कर्णा बाहेर नाही, पोटातच. दारं उघडली की आतल्या कोरीव जाळीतून गाणं बाहेर यायचं. म्हणजे यायला हवं होतं. मी लग्न होऊन आल्यापासून मला तरी ते कधी ऐकू आलं नव्हतं.

त्या चातुर्मासात माझे तीन नेम होते. पायात चप्पल घालायची नाही, सोमवारी बोलायचं नाही, आणि खोटं बोलायचं नाही. पहिल्या दोन नेमांचा त्रास मला होई, तिसऱ्याचा घरच्यांना. आषाढी एकादशीला मी संकल्पाचं पाणी सोडलं आणि द्वादशीलाच दुकानात एक वहिनी आल्या. जांभळं कापड अंगाला लावून म्हणाल्या, “मला शोभेल ना?” मी अगदी हळू, कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हटलं, “नाही हो.” त्या कापड घेऊन दुसऱ्या शिंप्याकडे गेल्या. तेव्हापासून ह्यांनी मला मागच्या खोलीत काजं करायला बसवलं होतं.

“आक्कांनी तुला काही विचारलं, तर सगळं संपलं,” हे म्हणाले. “चला, आधी पेटीची काय दशा आहे ते तरी बघू.”

पेटी उचलायला गेले तर तिची मागची फळी ह्यांच्या हातात आली आणि पेटी जागेवरच राहिली. वाळवीनं आतून रस्ते, गल्ल्या, बोळ असं सगळं गावच वसवलं होतं. पुढून मात्र पेटी लाल-पिवळी, घसघशीत दिसत होती. ती आत्याबाईंची करणी. खंडेनवमीला आमच्याकडे कात्रीची, गजाची आणि शिलाई मशीनची पूजा होते. आत्याबाई त्या दिवशी फोनोचीही पूजा करत. कात्रीला एक बोट कुंकू मिळे, फोनोला चांगली चिमूट. दारांवर हळदीचे थर, जाळीत अक्षता, झाकणावर निरांजनाचं तेल आणि कापराची काजळी. सदतीस वर्षांची.

हे पेटी बघत डोक्याला हात लावून बसले. आत्याबाईंनी मला खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

“कुमुद, एक सांगते. ह्या कानाचं त्या कानाला कळता कामा नये.”

“कुणी विचारलं नाही तर मी कशाला सांगू?”

“विचारलं तर?”

मी चुलीतलं लाकूड सारखं केलं.

“तेच ते,” आत्याबाई कपाळ चोळत म्हणाल्या. “अगं, पेटीला वाळवी लागली हे काहीच नाही. तो फोनो मी मोडलाय. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी. सगळे देवदर्शनाला गेले होते. म्हटलं, बघू तरी कसा गातो. चार पिळ्या दिल्या, आणि आत खाट् झालं. झालं! तो दिवस आणि आजचा दिवस.”

“मामंजींना कळलं नाही?”

“त्यांना गाण्याचं कुठं काय होतं? त्यांना बंद फोनोच आवडायचा. पण पत्रं लिहायची मी. आक्का प्रत्येक पत्रात विचारायच्या, फोनो कसा आहे? मी दर वेळी लिहायची, फोनो गोड वाजतो. सदतीस वर्षं, बाई! आता ह्या वयात नणंदेपुढं कुठल्या तोंडानं उभी राहू?”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नवी सून म्हणून आले तेव्हा ह्याच बाईनं माझ्या करपलेल्या भाकऱ्या “मला कडकच लागतात” म्हणून स्वतःच्या ताटात घेतल्या होत्या. मी त्यांचा हात धरला.

“आपण फोनो दुरुस्त करू. वाजायला लागला तर कोण कशाला काय विचारेल?”

दुसऱ्या दिवशी ह्यांनी फोनोचं यंत्र वरच्या फळीसकट काढून चौकातल्या घड्याळजीकडे नेलं. संध्याकाळी परत आले ते हसत.

“स्प्रिंग नवीन बसवतो म्हणाला. जुनी तर म्हणे कुणीतरी तांब्याच्या तारेनं बांधून ठेवली होती. आत्ताची नाही, फार जुनी तार आहे.”

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवून हळूच म्हटलं, “मी नाही गं बाई तार बांधली. मी तर भिऊन हातच लावला नाही परत.”

मामंजींनी बांधली असेल, असं आम्ही धरून चाललो.

राहिली पेटी. तासगावात लाकडाचं नाजूक काम करणारा एकच माणूस, महादबा मिस्त्री. पालख्या, देव्हारे, रथाची चाकं त्याच्या हातची. पण एक अडचण होती. त्याची मुलगी निपाणीला दिलेली, आक्कांच्याच गल्लीत. फोनो दुरुस्तीला आल्याचं मिस्त्रीच्या कानावर गेलं की आठ दिवसांत ते आक्कांच्या कानावर जाणार. म्हणून ह्यांनी चिठ्ठी लिहिली, त्यात फोनो हा शब्दच घातला नाही. “पेटी जुनी आहे. वाळवी लागली आहे. पूर्वीसारखी शोभिवंत करून द्यावी. दसऱ्याच्या आत हवी.”

“मी सोमवारी नेऊन देतो,” हे म्हणाले. पण सोमवारी एका लग्नघरचं शिवण येऊन पडलं, आणि पेटी हातगाडीवर घालून मलाच जावं लागलं. अनवाणी आणि मौनात.

महादबा मिस्त्री रंधा मारत होता. मला बघून त्यानं हात थांबवला. माझे धुळीचे पाय बघितले, पेटीवरचं हळदकुंकू बघितलं, आणि आधी जाऊन हात धुऊन आला. मला ते फार आवडलं. असा स्वच्छ कारागीर आता मिळत नाही, असं मनात आलं.

मी चिठ्ठी दिली. त्यानं वाचली.

“मौन हाय काय, वैनी?”

मी मान हलवली.

“बरं, बरं. किती वर्सांची?”

मी बोटांनी सदतीस दाखवले.

आता पुढचं समजावणं आलं. मी दोन्ही दारं उघडून दाखवली आणि कानाला हात लावला. म्हणजे इथून आवाज येतो, जाळीला धक्का लावू नका. मग पेटीच्या कुशीतल्या भोकापाशी मूठ धरून गोल फिरवली. म्हणजे इथं चावी बसते, भोक बुजवू नका. शेवटी ओठांवर बोट ठेवलं आणि हात जोडले. म्हणजे कृपा करून कुठं बोलू नका.

मिस्त्रीचा चेहरा एकदम गंभीर झाला. त्यानंही हात जोडले, मला नव्हे, पेटीला.

“समजलं, वैनी. कडक हाय तर. तुमी काळजी करू नका. पन सध्या पितरांचा पंधरवडा चालू हाय. घटस्थापनेला नारळ फोडून हात घालतो. नऊ दिसांत देतो.”

फोनोला मुहूर्त कशाला लागतो, असं मला वाटलं. पण मौनात विचारता येईना. आणि खरं सांगायचं तर, कुठल्याही कामाला मुहूर्त बघणारा माणूस मला वाईट वाटत नाही.

मधे एकदा पॉलिशसाठी चिंध्या हव्यात असा त्याचा निरोप आला. चिंध्यांना आमच्याकडे काय तोटा! मी मऊ मलमलीचं गाठोडं घेऊन गेले. मिस्त्रीनं पेटीवर धोतर टाकून ठेवलं होतं. धोतराचा कोपरा उचलून त्यानं फक्त एक बाजू दाखवली. वाळवीनं खाल्लेला भाग कापून तिथं नवीन शिसव बसवलं होतं. सांधा कुठं आहे ते बोट फिरवून कळेना. भुसा आणि सरस कालवून बारीक भोकं भरली होती. त्यावर लाखेच्या पॉलिशचे हात, चिंधीच्या बोळ्यानं गोल गोल घासून चढवलेले. माझा चेहरा त्यात दिसला, कुंकवासकट.

“बाकीचं?” मी विचारलं. त्या दिवशी बुधवार होता.

“पुरं झाल्याबिगर दावत न्हाई. डोळं लावायचं शेवटाला.”

डोळे लावणं म्हणजे कारागिराची काहीतरी बोलायची पद्धत असेल, असं मी समजले. तेव्हाच विचारायला हवं होतं. पण मला कुणाला दोनदा विचारायचा संकोच वाटतो. आणि फोनो हा शब्द उच्चारायची तर घरून बंदीच होती.

खंडेनवमीच्या दुपारी मिस्त्री स्वतः पेटी घेऊन आला. डोक्यावर टोपी, कपाळाला बुक्का, पुढं एक झांजवाला. आत्याबाई ओसरीवर कात्रीची पूजा मांडत होत्या. मिस्त्रीनं पेटी चौरंगावर ठेवली आणि धोतर ओढलं.

झांजवाल्यानं एकदा झांज वाजवली.

झाकणावर पितळी पत्र्यानं मढवलेला कळस होता. कळसाच्या दोन बाजूंना दोन मोर, मोरांना काचेचे डोळे लावलेले. दारांवर जय-विजय. महिरपीला ओळीनं अकरा घंटा. आत जाळीच्या पुढं देवांसाठी तीन पायऱ्या. आणि कुशीला, चावीच्या भोकावर, चकचकीत पितळेचं गोमुख.

“कसा झालाय देव्हारा?” मिस्त्री म्हणाला.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कळसाकडे बघितलं. फार सुरेख कळस होता तो.

“मिस्त्री,” हे कसंबसं म्हणाले, “हा... हा देव्हारा आहे, असं तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पायजे? वैनी अनवाणी आल्या, मौन धरून. पेटीवर बोटभर हळदकुंकू. दारं उघडून दर्शन दाखवलं, कानाला हात लावला, म्हंजे घंटा पायजेत. भोकापाशी हात फिरवला, म्हंजे अभिषेकाचं पानी हिकडनं जातं. अन् वटावर बोट ठेवून हात जोडलं.” त्यानं आवाज खाली आणला. “म्हंजे देव जागृत हाय, बोलायची सोय न्हाई. कळस बसवला त्या दिशी मी निर्जळी केली, मालक.”

“कळस काढता येईल का?”

मिस्त्रीच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. “कळस? काढायचा? खंडेनवमीला?”

“नको, नको,” मी आणि आत्याबाई एकदम म्हणालो.

मिस्त्री प्रसाद घेऊन, पेटीला पुन्हा एकदा नमस्कार करून गेला. हे चौरंगापुढं बसून राहिले.

“आक्कांनी फोनो दिला होता,” ते स्वतःशीच म्हणाले. “आपण मंदिर परत करतोय.”

“यंत्र तर बसवून बघू,” आत्याबाई म्हणाल्या. “वाजला म्हणजे झालं. आक्का उद्या येणार. आज रात्रीपर्यंत काहीतरी करू.”

घड्याळजी यंत्र घेऊन आला. देव्हारा बघून आधी तोही ओसरीखालीच चपला काढून उभा राहिला. मग त्यानं यंत्र बसवलं. जागा अगदी बरोबर होती, त्यात मिस्त्रीची चूक नव्हती. देवांच्या पायऱ्या काढून ठेवल्या. झाकण उघडलं की कळस तिरपा होऊन भिंतीला लागे, म्हणून तो एकानं हातानं धरून ठेवावा लागे. आणि चावी, म्हणजे तो वाकडा लोखंडी दांडा, गोमुखाच्या तोंडातून आत घालावा लागे. गाय काहीतरी लांबलचक खात असल्यासारखी दिसे. घड्याळजीनं चावी भरून ठेवली, गोमुखाशेजारचा खटका लावला आणि म्हणाला, “तबकडीवर सुई ठेवा, खटका सोडा. वाजेल.” त्याची दुकान उघडायची वेळ झाली होती, तो गेला.

आम्ही फोनोबरोबर आलेली एकुलती एक तबकडी लावून नुकती सुई टेकवली, तोच दारात आवाज आला.

“मधू, आत घेतोस का मी ओसरीवरच राहू?”

चंपाक्का. एक दिवस आधी. सत्त्याहत्तर वर्षांच्या, काठीसारख्या सरळ. हातात पत्र्याची ट्रंक. “दसऱ्याला गाडीला गर्दी असती. म्हटलं, आजच यावं.”

ह्यांनी झटकन झाकण पाडलं. कळस सरळ झाला. अकरा घंटा वाजल्या.

आक्कांनी देव्हाऱ्याकडे बघितलं. ट्रंक खाली ठेवली, पदर डोक्यावरून घेतला आणि वाकून नमस्कार केला.

“नवीन देव्हारा केलात? बरं केलंत. छान आहे हो. देव कुठायत?”

“यायचेत,” हे म्हणाले.

“बाजूला हे काय लावलंय गाईच्या तोंडात?”

“ते... अभिषेकाचं.”

हे खोटं बोलत होते, त्यांना नेम नव्हता. मी पाण्याचा तांब्या घेऊन आले, गूळ दिला, आणि आत निघाले. आक्का पाणी प्यायल्या. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, “माझा फोनो कुठाय?”

“दाखवतो की,” हे म्हणाले. “आधी जेवून घ्या. चार दिवस राहा. फोनो काय, कुठं पळतोय?”

“कुमुद, थांब. तू सांग.” मी उंबऱ्यात थांबले. “आषाढात मधूनं कौतुकानं लिहिलं होतं, तू ह्या चातुर्मासात खोटं बोलत नाहीस म्हणून. फोनो कुठाय?”

ह्यांनी डोळे मिटले.

“तुमच्या पुढ्यातच आहे, आक्का.”

आक्कांनी पुढं बघितलं. देव्हारा, कळस, मोर. मग मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि त्या बहुतेक समजल्या की मी फार भाविक झालेय.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “पेटीचं नाही विचारत मी. मला एकच खरं सांग. माझा फोनो ह्या घरात कधी एकदा तरी वाजला का?”

आत्याबाईंच्या हातात पूजेचं ताट होतं. नाही म्हटलं तर आत्याबाईंची सदतीस वर्षांची सगळी पत्रं खोटी ठरत होती. हो म्हटलं तर एकादशीला सोडलेलं पाणी. मी देवाचं नाव घेतलं. त्या दिवशी सोमवार का नाही, असंही मनात आलं.

“आक्का,” मी म्हटलं, “हे मला सोडून कुणालाही विचारा.”

“संपलं,” हे म्हणाले.

आत्याबाईंनी ताट खाली ठेवलं. पुढं आल्या. मी त्यांना नणंदेपुढं मान वर केलेली कधी बघितली नव्हती.

“तिला नका विचारू,” त्या म्हणाल्या. “तिचा नेम नको मोडायला. मोडायचं ते मी आधीच मोडून बसलेय. नाही वाजला तुमचा फोनो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी चावी दिली आणि तो मोडला. ‘गोड वाजतो’ म्हणून मी सगळं खोटं लिहिलं. पेटीला वाळवी लागली. हा जो देव्हारा आहे, तोच तुमचा फोनो. काय बोलायचं ते मला बोला.”

आक्का आपल्या ट्रंकेवर बसल्या. मग त्यांनी विचारलं, “किती पिळ्या दिल्या होत्या?”

“चार.”

“आणि आत काय झालं?”

“खाट् झालं.”

“माझ्याकडं सहा दिल्या होत्या,” आक्का म्हणाल्या. “तेव्हा खाट् झालं.”

आत्याबाईंच्या डोक्यात हे शिरायला वेळ लागला.

“तुमच्याकडं?”

“तुझ्या लग्नाच्या आधी वर्षभर. मालकांनी हौसेनं आणलेला. हात लावू नको म्हणाले होते. ते पेठेत गेले आणि मी हात लावला. खाट्! मग मी तांब्याची तार घेतली, स्प्रिंग बांधली, आणि रोज देवापुढं हात जोडायची, की ह्यांना आज गाणं ऐकायची इच्छा होऊ देऊ नको. तेवढ्यात भावाचं लग्न निघालं. म्हटलं, जागा नाही म्हणून पाठवून द्यावा माहेरी. तिकडं कुणी मोडला म्हणून कळलं, की मी सुटले.”

“आणि मग?”

“मग काय! कुणी कळवेचना. मी दर पत्रात विचारायची, फोनो कसा आहे? अन् दर पत्रात तुझं उत्तर यायचं, फोनो गोड वाजतो. गोड! बंद पडलेला फोनो गोड वाजतो! मला वाटायचं, हिला सगळं कळलंय आणि भावजय मला टोमणे मारतीय. सदतीस वर्षं टोमणे! मालक असेपर्यंत तर पत्र आलं की मी आधी चोरून वाचायची, की हिनं आता तरी उघड लिहिलं का काय. म्हणून आले, म्हटलं मरायच्या आधी नेऊन टाकू एकदाचा.”

“टोमणे?” आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढत गेला. “अहो, मी भीतीनं लिहायची! तुमच्या भीतीनं मी निपाणीला एका लग्नाला आले नाही, एका बारशाला आले नाही! त्या मेल्या पेटीला सदतीस वर्षं मी हळदकुंकू वाहतेय!”

“मग वाईट काय झालं?” आक्का कळसाकडे बोट करून म्हणाल्या. “देव झाला की त्याचा.”

आत्याबाई त्यांच्या अंगावर धावून जातात की काय असं मला वाटलं. पण हे मधे पडले. म्हणजे मधे पडायला म्हणून पुढं झाले, आणि त्यांचा धक्का खटक्याला लागला.

आत काहीतरी फिरायला लागलं. आधी नुसतं खर्र खर्र. मग जाळीतून एका बाईचा बारीक, नाकातला आवाज आला. नाटकातलं पद होतं. रुसलेली नायिका नायकाला बजावत होती, की रात्री कितीही दार वाजवलंस तरी मी काही दार उघडणार नाही. देव्हाऱ्याची दोन्ही दारं सताड उघडी होती. यंत्राच्या हादऱ्यानं अकरा घंटा एका लयीत किणकिणायला लागल्या. मोरांचे डोळे चमकत होते.

घंटा ऐकून शेजारच्या दोघी आरती सुरू झाली म्हणून धावत आल्या. त्यांनी देव्हारा बघितला, हात जोडले, आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. नायिका दार उघडत नव्हती, ह्या टाळ्यांवर टाळ्या वाजवत होत्या. पद संपलं तेव्हा एकीनं विचारलं, “कुठल्या देवीची आहे हो ही आरती? शब्द कळले नाहीत, पण फार आर्त आहे.”

त्यांनी हे मला विचारलं नाही, आक्कांना विचारलं. देवाची कृपा.

“निपाणीकडची आहे,” आक्का म्हणाल्या.

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या पदर तोंडात धरून खांबाला टेकल्या होत्या, सगळं अंग हलत होतं. मला वाटलं रडतायत. जवळ जाऊन बघितलं, तर हसत होत्या. आक्का त्यांच्याजवळ सरकल्या आणि म्हणाल्या, “परत लाव गं. मीही आत्ताच पहिल्यांदा ऐकला पुरता.”

त्या दिवशी त्या दोघींनी आळीपाळीनं गोमुखात चावी घालून ती एकच तबकडी नऊ वेळा ऐकली. एकीनं चावी द्यायची, दुसरीनं कळस धरायचा.

जाताना आक्कांनी फोनो नेला नाही. “एवढा कळस घेऊन मी गाडीत बसले तर सगळी गाडी पाया पडंल,” म्हणाल्या. “राहू दे. आमच्या घरी जागा होईपर्यंत.”

पुढच्या वर्षी चातुर्मासात ह्यांनी मला नेमाची निवड करायला मदत केली. मी वांगं सोडलं.

श्रावणात एका दुपारी मी काजं करत होते. ओसरीवरून आवाज आला, “खाट्!” मग बराच वेळ काहीच आवाज नाही. मग आत्याबाई हळूच मागच्या खोलीत आल्या, माझ्याजवळ बसल्या. त्यांचे डोळे अलीकडे अधू झाले होते, पत्रं मीच लिहायची.

“कुमुद, आक्कांना पत्र टाक गं. लिही, इकडं सगळे खुशाल. पाऊस बरा आहे.” जरा थांबल्या. “आणि लिही, फोनो गोड वाजतो.”

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी लिहिलं. वांग्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

आठ दिवसांत निपाणीहून कार्ड आलं. आक्कांच्या मोठ्या, तिरक्या अक्षरात तीनच ओळी होत्या.

“फोनो गोड वाजतो हे वाचून समाधान वाटले. खाट् कधी झाले? किती पिळ्या दिल्या होत्यास?”